पेंढा सभागृहात आणायचा नाही

फेब्रुवारी लागला की आमच्या खोपोली-कर्जत पट्ट्यातल्या महाविद्यालयांमध्ये उद्योजकतेचे कार्यक्रम सुरू होतात. स्टार्टअप मेळावा, नवोपक्रम दिन, संशोधनातून उद्योगाकडे अशी त्यांची नावं असतात आणि त्यांचे फ्लेक्स शिळफाट्यापासून दिसायला लागतात. माझं लेथचं वर्कशॉप आहे. इथल्या कारखान्यांची जॉबवर्कची कामं मी करतो, त्यामुळे ‘स्थानिक उद्योजक’ म्हणून मला परीक्षणाला बोलावणं येतं. मी आनंदाने जातो, कारण पोरं खरोखर चांगलं काम करतात. माझी तक्रार पोरांबद्दल नाही, कार्यक्रमांबद्दल आहे. तीही लहान लहान गोष्टींची आहे, पण अशा गोष्टींनीच चांगलं काम जागच्या जागी मरताना मी पाहतो. म्हणून त्या एकेक करून लिहितो.

पहिली तक्रार वेळेची. पत्रिकेवर सकाळी दहा छापलेलं असतं आणि दीपप्रज्वलन साडेअकराच्या आत झालेलं मला आठवत नाही. मुंबईहून येणारे प्रमुख पाहुणे द्रुतगती मार्गावर अडकलेले असतात, आणि ते आल्याशिवाय सुरू करायचं नाही असा दंडक असतो. तोवर पोरं आपापल्या टेबलाशी उभी. त्यातली कितीतरी नेरळहून, भिवपुरीहून, कर्जतच्या आतल्या गावांतून आलेली असतात. कर्जत-खोपोली हा एकेरी रेल्वेमार्ग. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. गाड्या मोजक्या. एक चुकली तर पुढचीसाठी फलाटावर बसून राहायचं. म्हणून ही पोरं घरून अंधारात निघतात, मॉडेल गोणपाटात गुंडाळून मालडब्यात चढवतात आणि दहाच्या आधी जागेवर हजर असतात. संध्याकाळी परतीची गाडी गाठायची म्हणून त्यांना निकालाआधीच आवरावं लागतं. दिवसभरात वेळ पाळणारी माणसं तेवढीच असतात आणि त्याची किंमतही तीच मोजतात. पाहुण्यांना उशीर होणार असेल तर परीक्षण आधी सुरू करा आणि सत्कार दुपारी ठेवा. यात कुणाचा मान कमी होत नाही.

दुसरी तक्रार सत्काराची. समई विझू नये म्हणून पंखे बंद करतात. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा परिचय. परिचय लांब असतो, कारण तो पाहुण्यांनी स्वतः पाठवलेला असतो आणि त्यातली ओळ गाळायची कुणाची छाती होत नाही. मानसन्मान करणं आपली रीत आहे, त्याला माझा विरोध नाही. पण या सगळ्याला जो दीड तास जातो तो पोरांच्या वेळेतून कापला जातो, हे मला खटकतं. सकाळी पाच मिनिटं ठरलेलं सादरीकरण दुपारी तीन मिनिटांवर येतं. एक शिक्षक घंटी घेऊन बसतात. वर्षभर केलेलं काम सांगताना पोरगी पहिलं मिनिट ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणण्यात घालवते, कारण तिला तसंच शिकवलेलं असतं. तिसऱ्या मिनिटाला ती मुद्द्यावर येते आणि तेवढ्यात घंटी वाजते.

तिसरी तक्रार भाषणांची. उद्योजकतेवर बोलायला येणारे वक्ते बहुतेक वेळा कॉलेज अर्धवट सोडून कोट्यधीश झालेल्या अमेरिकन माणसांच्या गोष्टी सांगतात. समोर बसलेल्या मुलांची फी बापाने कर्ज काढून भरलेली असते. या मुलांना कॉलेज सोडायची गोष्ट सांगू नये. आणि खोपोलीत उभं राहून सांगण्यासारखं कमी आहे का? सभागृहातून बाहेर येऊन घाटाकडे मान वर केली की डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजकेंद्राचे नळ दिसतात. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून ते खोपोलीत आणायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही कल्पना जमशेटजींच्या हयातीतली. ते 1904 साली गेले. कंपनी निघाली 1910 साली आणि वीज मुंबईला पोचली 1915 साली. मधल्या काळात लोणावळा, वळवण, शिरोता इथे धरणं बांधावी लागली, भांडवल उभं करावं लागलं आणि वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना विजेवर यायला तयार करावं लागलं. कल्पना चांगली असून भागत नाही. पैसा, परवाना आणि गिऱ्हाईक या तिन्हींसाठी वर्षानुवर्षं चिकटून राहावं लागतं, याचा याहून चांगला धडा कोणता? वीज तयार करून सुटलेलं ते पाणी पुढे पाताळगंगेत जातं आणि त्यावर खाली आणखी कारखाने चालतात. आमच्या पोरांच्या रोजच्या रस्त्यावरचा हा इतिहास आहे. त्यावर बोललेला पाहुणा मला अजून ऐकायला मिळायचा आहे.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर तेही जवळच आहे. पवईच्या आयआयटीत 2004 साली ‘साइन’ हे उद्योग-संवर्धन केंद्र सुरू झालं. तिथल्याच विद्यार्थ्यांनी 2007 साली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी काढली आणि ती या केंद्रात वाढली. आज तिचं काम महाप्याला चालतं. तिचे शेअर बाजारात आले 2023 साली. म्हणजे सोळा वर्षं गेली. वक्ते शेवटच्या वर्षाचा आकडा सांगतात आणि आधीची पंधरा वर्षं गाळतात. मग मुलांना वाटतं की स्पर्धेत पहिला नंबर आला की पुढच्या महिन्यात कुणी तरी पैसे घेऊन येणार. कुणी येत नाही आणि पोरं हिरमुसतात. त्या हिरमुसण्याला हे वक्ते जबाबदार आहेत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात दोन मुलींनी पेंढ्याच्या गाठी बांधायचं हातयंत्र केलं होतं. त्यातल्या एकीच्या घरी खालापूरकडे भातशेती आहे. झोडणी झाली की पेंढा मोकळा पडतो. तबेलेवाले तो घेतात, पण मोकळा पेंढा टेम्पोत भरला तर टेम्पो अर्धा हवेनेच भरतो आणि भाडं पूर्ण द्यावं लागतं. गाठी बांधायचं ट्रॅक्टरवरचं मशीन एकर-दीड एकरच्या, बांधाबांधांनी तुटलेल्या खाचरात शिरत नाही आणि परवडतही नाही. म्हणून या मुलींनी एमएस अँगलचा सांगाडा, आत प्लायची पेटी, वरून दाबायला एक फळी आणि लांब दांड्याचा लिव्हर असं साधं यंत्र केलं. पेटीला दोन बाजूंनी खाचा ठेवल्या होत्या. पेंढा दाबलेला असतानाच त्या खाचांतून सुतळी ओवायची, गाठ मारायची, पुढचं दार उघडायचं आणि गठ्ठा बाहेर ओढायचा. बिजागरीचं आणि लिव्हरच्या बुशचं काम त्यांनी माझ्याकडे करून घेतलं. ड्रॉइंगवर मापं नीट होती. लिव्हर कुणी दाबायचा, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “आईला दाबता आला पाहिजे काका, म्हणून दांडा लांब घेतलाय.” गिऱ्हाईक ओळखणं म्हणतात ते हेच.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी घरून पेंढ्याचे दोन भारे आणले होते. ते दारातच अडवले गेले. सभागृहात नवा गालिचा घातला होता, कचरा होईल, पेंढा आत आणायचा नाही, असं त्यांना सांगितलं. त्या मुलींनी बाहेर पोर्चमध्ये प्रात्यक्षिक दाखवायची परवानगी मागितली, तर परीक्षकांचा वेळ जाईल म्हणून तीही नाकारली. मी परीक्षक होतो आणि मला वेळ होता. तसं मी म्हटलंही. पण कार्यक्रमपत्रिका ठरलेली होती. शेवटी त्या दोघी रिकाम्या पेटीशेजारी उभ्या राहून गाठ कशी बांधली जाते हे हातवारे करून सांगत होत्या. मागच्या स्लाइडवर पेंढ्याचा फोटो होता. यंत्र आहे, पेंढा दाराबाहेर आहे, बांधायला तयार माणसं आहेत, आणि दाखवायला मनाई. एवढा राग मला कारखान्याने बिल थकवल्यावरही येत नाही.

त्या दिवशी पहिला नंबर आला तो एका मोबाइल ॲपचा. ते ॲप अजून तयार व्हायचं होतं, पण त्याची चित्रं देखणी होती. मुलांनी ती मेहनतीने केली होती, त्यांना दोष नाही. दोष गुणपत्रिकेचा आहे. नावीन्य, सादरीकरण, समाजोपयोग, संघभावना असे रकाने त्यात असतात. हे विकत कोण घेणार, किती रुपयांना घेणार, बनवायला किती लागतात आणि गिऱ्हाइकाने ते वापरून पाहिलं का, या चार प्रश्नांना त्यात एकही रकाना नसतो. उद्योजकतेच्या स्पर्धेत किमतीचा रकाना नसावा हे मला पटत नाही. मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहितो. त्याचे गुण धरत नाहीत.

पुढची तक्रार फोटोंची. हल्ली प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल वर पाठवावा लागतो. केंद्राच्या शिक्षण खात्याने 2018 पासून महाविद्यालयांमध्ये इनोव्हेशन कौन्सिल सुरू केली, नॅकचं मूल्यांकन असतंच, आणि सगळीकडे फोटो लागतात, तेही जागा नि वेळ छापून येणारे. म्हणून परीक्षण चालू असताना मधेच थांबवून सगळ्यांना फलकासमोर उभं करतात. फोटोत फलक पूर्ण आला नाही तर पुन्हा उभं करतात. एखादा मुलगा मोटरची जोडणी समजावून सांगत असतो, त्याला बाजूला सारून हे चालतं. शिक्षकांचाही यात नाइलाज असतो, हे मला ठाऊक आहे. अहवाल वेळेत गेला नाही तर त्यांना विचारणा होते. मॉडेलचं पुढे काय झालं याची विचारणा मात्र कुणीच करत नाही. म्हणून अहवाल जातो आणि मॉडेल राहतं.

मॉडेल राहतं ते जिन्याखाली. तिथे मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं अशी सगळी यंत्रं एकमेकांवर रचलेली असतात. त्यांच्या मोटरी आणि बॅटऱ्या पुढच्या बॅचने काढून नेलेल्या असतात. पेंढ्याची पेटीही तिथेच आहे. पावसाळ्यात प्लाय फुगली आणि दार आता लागत नाही. त्या दिवशी कुणाचे तरी पालक म्हणून आलेल्या एका शेतकऱ्याने तिची किंमत विचारली होती. किंमत काढायची असते हे मुलींना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि जवळ उभ्या असलेल्या शिक्षकांनी “अजून प्रोजेक्ट आहे” असं उत्तर दिलं. दारात आलेलं पहिलं गिऱ्हाईक तसंच परत गेलं.

आता जी तक्रार सांगतो तिच्याकडे सगळ्यांनी लक्ष द्यावं, कारण तिचं नुकसान भरून निघत नाही. कार्यक्रमाच्या सकाळी पोरांना यंत्राच्या आतल्या रचनेचं पोस्टर लावायला सांगतात आणि संध्याकाळच्या भाषणात पेटंट घ्या म्हणून सांगतात. क्रम उलटा आहे. आपल्या पेटंट कायद्यात अर्ज करण्याआधी शोध लोकांसमोर उघड झाला तर त्याचं नवेपण जातं आणि पेटंट नाकारलं जाऊ शकतं. प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती. महाविद्यालयाचं सभागृह त्यात बसत नाही. त्यापेक्षा आधी प्रोव्हिजनल अर्ज करून ठेवावा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची मूळ फी 1,600 रुपये आहे. शैक्षणिक संस्थांनाही 2021 पासून फीमध्ये 80 टक्के सवलत दिली आहे. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांच्या खर्चात असे काही अर्ज सहज बसतील. स्पर्धेच्या महिनाभर आधी एका माणसाने बसून कोणाचं मॉडेल उघड करायचं आणि कोणाचं आधी नोंदवायचं एवढं ठरवलं तरी पुरे.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाचं पद आहे. राज्याची नाविन्यता सोसायटी आहे. विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा कित्येक वर्षं चालू आहे. केंद्राच्या 2019 च्या विद्यार्थी-शिक्षक स्टार्टअप धोरणात तर स्पष्ट म्हटलं आहे की उद्योग काढणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेच्या सोयी रात्रंदिवस मिळाव्यात, परवानगी घेऊन कमी हजेरीवर परीक्षेला बसता यावं आणि प्रोजेक्टच्या जागी स्वतःचा उद्योग धरता यावा. आमच्याकडे प्रयोगशाळेची वेळ पाचपर्यंत आहे, पण किल्ली ज्यांच्याकडे असते ते कुलूप लावून साडेचारच्या गाडीने जातात. म्हणून पोरं रात्री माझ्या वर्कशॉपच्या दारात उभी असतात. मी त्यांना आत घेतो. पण ड्रिल मशीन महाविद्यालयातही आहे आणि ते धूळ खात पडलेलं आहे.

संशोधन लोकांपर्यंत न्यायचं कसं, हे शिकायला फार लांब जायला नको. कर्जतला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. आमच्या भागातला कुठलाही शेतकरी ‘कर्जत 3’ किंवा ‘कर्जत 7’ हे नाव गावाचं म्हणून नाही, भाताचं म्हणून घेतो. 1998 साली आलेला ‘सह्याद्री’ हा संकरित वाणही तिथलाच. हे वाण शेतात पोचले कारण त्यांना ठरलेला रस्ता आहे. आधी केंद्राच्या खाचरात, मग ठिकठिकाणच्या चाचण्यांत, मग शेतकऱ्याच्या शेतावर. शिफारस झाली की पैदासकार बियाणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, आणि मग दुकानात पिशवी. प्रत्येक टप्प्यावर कुणाचं तरी काम नेमून दिलेलं आहे आणि बियाणं उगवलं नाही तर शेतकरी जाब विचारतो. शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना शिवारफेरीला बोलावतात तेव्हा चिखलात उभं राहून भात दाखवतात. गालिचा खराब होईल म्हणून लोंब्या बाहेर ठेवा, असं तिथे कुणी म्हणत नाही.

आमच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतल्या मॉडेलांना असा रस्ता नाही. स्पर्धा झाली की त्यांची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. मुलं शेवटच्या वर्षाची असतात, जूनमध्ये ती नोकरीच्या शोधात पनवेलला, पुण्याला जातात, शिक्षकांना नवीन बॅच मिळते आणि जिन्याखालची रास वाढते. माझ्या सगळ्या लहान तक्रारींच्या मुळाशी ही एक गोष्ट आहे. काम जिथून सुरू व्हायला हवं तिथे कार्यक्रम संपतो.

म्हणून प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि विद्यापीठातल्या संबंधितांना माझी मनापासून विनंती आहे. कार्यक्रम जरूर करा, पण परीक्षण सकाळी दहाला सुरू करा. पोराला दहा मिनिटं द्या आणि यंत्र चालवून दाखवायला लावा, मग पेंढा सांडो की पाणी. गुणपत्रिकेत किमतीचा आणि गिऱ्हाइकाचा रकाना घाला. परीक्षकांमध्ये एक शेतकरी, एक दुकानदार, एक टर्नर बसवा. पोस्टर लावण्याआधी पेटंटचा अर्ज करा. निवडलेल्या दोन-तीन मॉडेलांसाठी जून ते डिसेंबर एक शिक्षक नेमा, त्याचे तास कमी करा आणि प्रयोगशाळेची एक किल्ली त्याच्याकडे ठेवा. पुढच्या वर्षीच्या उद्घाटनात पाहुण्यांचा परिचय वाचण्याआधी मागच्या वर्षीच्या मॉडेलांचं काय झालं ते जाहीरपणे वाचून दाखवा. ‘काही झालं नाही’ असं असेल तर तसंच वाचा.

इथल्या कारखानदारांनाही सांगणं आहे. खोपोली आणि खालापूरच्या पट्ट्यात पोलाद, पाइप, रसायनं असे कितीतरी कारखाने आहेत. महाविद्यालयाशी करार करून त्याचा कागद भिंतीवर लावू नका. तुमच्या भंगारातला अँगल आणि प्लेट पोरांना वजनाच्या भावाने द्या, तुमचा एक फिटर महिन्यातून एक दुपार त्यांच्याकडे पाठवा आणि त्यांनी केलेली एखादी वस्तू रोख पैसे देऊन विकत घ्या. पहिली विक्री झाली की त्या मुलाला जे कळतं ते कुठल्याही भाषणात कळत नाही.

पेंढ्याच्या पेटीचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे. त्या मुलींनी हो म्हटलं आणि महाविद्यालयाने पत्र दिलं, तर दुसरी पेटी मी मजुरी न घेता करून देईन, प्लायच्या जागी पत्रा लावून. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला येतं. त्याच्या आत पत्र यावं.